माझं कोपर आणि रोशनीची निवड

आडवं पडण्याच्या बाबतीत माझा हात धरणारा माणूस उभ्या नागपुरात सापडणार नाही, असं मी छातीठोकपणे सांगत असे. सदर भागातल्या ऑफिसातून आलो की चहा आणि चहा झाला की दिवाण! म्हणून एके संध्याकाळी आमची रोशनी रडवेली होऊन म्हणाली की, सरावाची जोडीदार प्रीती तापानं फणफणली आहे आणि ज्युदोची निवड चाचणी तोंडावर आली आहे, तेव्हा मी बेफिकीरपणे विचारलं,

"जोडीदाराले काय करा लागते?"

"काही नाही बाबा. गादीवर उताणं पडायचं. मी तुमचा हात पकडते."

"एवढंच? मंग पडतो ना!"

रोशनी आमची एकुलती एक. अकरावीत आहे, सक्करदऱ्याच्या क्लबात ज्युदो शिकते. गेल्या वर्षी राज्य स्पर्धेसाठी तिची निवड थोडक्यात हुकली, तेव्हा पोरगी कित्येक दिवस धड जेवली नव्हती. यंदा हुकली तर ज्युदोच सोडून देणार, असं तिनं जाहीर केलं होतं. आता बापाचं काळीज म्हटल्यावर काय करणार! हॉलमध्ये गाद्या पसरल्या आणि मी आडवा झालो.

तिनं माझा उजवा हात दोन्ही हातांनी धरला, एक पाय छातीवर टाकला, दुसरा गळ्यावर, आणि मागे पडून कंबर जराशी वर उचलली. माझं कोपर भलत्याच दिशेला निघालं!

"सोड वं! मेलो! सोड!"

"ओरडू नका बाबा! टॅप करा! गादीवर दुसऱ्या हातानं दोन थापा मारल्या का समोरचा सोडून देते."

मी थापा मारल्या. तिनं तत्काळ सोडलं. पोरीची शिस्त पाहून मला अभिमान वाटला. कोपराला काही वाटला नाही.

"आणखी एकदा बाबा!"

हे 'आणखी एकदा' रोज संध्याकाळी सुरू झालं. ऑफिसातून थकून यायचं आणि गादीवर आणखी थकायचं! हळूहळू माझ्या शरीराला अशी सवय लागली की, कोणी हात धरला की डावा हात आपोआप दोन थापा मारून मोकळा होई. आणि थापा ऐकल्या की रोशनीची पकड सुटे. आम्ही बापलेक म्हणजे बटण आणि दिवा झालो होतो.

लतिका, म्हणजे आमची ही, कोपराला तेल लावायला बसली, तर मी टेबलावर थापा मारल्या.

"काहून टेबल बडवून राहिले?"

"मी नाही बडवत वं! हात बडवून राहिला!"

ऑफिसात तर कहर झाला. आमचे महादेवराव साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "वार्षिक अहवालाचं काम कोण घेते?" सगळे छताकडे पाहू लागले. साहेबांनी सहज माझा दंड धरला. "काय मेश्रामजी?"

थाप! थाप!

"वा! याले म्हणतात उत्साह!" असं म्हणून साहेबांनी फायलींचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला. उत्साह कसला डोंबलाचा! मला नुसतं झोपायचं होतं.

चाचणीचा रविवार उजाडला. खुर्च्या पाहुण्यांनी अडवल्या होत्या, म्हणून आम्ही आईबाप मंडळी मॅटच्या कडेला जमिनीवरच बसलो. शेवटच्या लढतीत रोशनीसमोर खापा गावची रितिका होती, उंचीनं माझ्याएवढी! जी जिंकेल तिची निवड पक्की. लढत रंगली, दोघी खाली पडल्या आणि बघतो तर रोशनीनं रितिकाचा हात धरलेला! पाय छातीवर, पाय गळ्यावर, कंबर वर! माझंच कोपर कळवळलं.

"अवो, जिंकून राहिली!" असं किंचाळून लतिकानं माझा उजवा हात गच्च धरला. नेमका दुखऱ्या जागी!

थाप! थाप!

रोशनीनं रितिकाचा हात सोडून दिला! उठून बसली आणि विजयी चेहऱ्यानं पंचांकडे बघू लागली. पंचांनी लढत थांबवलीच नव्हती. रितिकानं झेप घेऊन तिला खाली दाबलं.

"थापा कोणी मारल्या?" प्रशिक्षक धम्मानंद सर ओरडले.

"यांनी!" लतिकानं मला दाखवलं. संसार हा असा असतो.

पोरीचं वर्ष माझ्या एका हातानं बुडवलं होतं. मी दोन्ही हात काखेत दाबून, श्वास रोखून बसलो. रोशनी धडपडली, मासोळीसारखी निसटली, आणि पुन्हा एकदा रितिकाचा हात तिच्या तावडीत आला!

थाप! थाप! या खेपेला मात्र रितिकाच्या.

रोशनी सोडेना!

"बाबा, गप्प बसा नं!" ती मॅटवरून ओरडली.

मी दोन्ही हात डोक्यावर नेऊन उभा राहिलो. "मी नाही वं! तिनं मारल्या! सोड तिले!" शेवटी पंचांनी तिचा खांदा हलवला तेव्हा तिनं सोडलं. रोशनी जिंकली! राज्य स्पर्धेसाठी निवड झाली! मी लोकांदेखत रडलो.

बाहेर रितिका कोपराला बर्फ लावून बसली होती. माझ्या हाताकडे पाहून म्हणाली, "काका, तुमचंही?" मी मान हलवली. तिनं निम्मा बर्फ मला दिला.

इतक्यात प्रीती आली. ताप उतरलेली, टवटवीत! "रोशनी, उद्यापासून सरावाले मी येते." मला तिच्या पाया पडावंसं वाटलं.

"नको," रोशनी म्हणाली. "राज्याच्या तयारीले मले बाबाच पायजे."

माझी छाती फुगली. कोपर विसरून मी विचारलं, "काहून वं बेटा?"

"प्रीतीचा हात मोडायची भीती वाटते नं, बाबा."