जाहिराती अडवणाऱ्या घरतमावशी

घरतमावशींनी आयुष्यातली पहिली जाहिरात अडवली ती चिकटपट्टीने. फोनच्या पडद्यावर तळाशी जी जाहिरात हलत-डुलत असते, कधी गुडघ्याचं तेल, कधी रमी, कधी 'खास तुमच्यासाठी' मंजूर झालेलं कर्ज, तिच्यावर त्यांनी खाकी चिकटपट्टीचा तुकडा मापून लावला होता. वर बातमी, खाली खाकी. बातमीच्या मध्येच एखादी जाहिरात उगवली, की मावशी पान खाली ओढून तिला त्या पट्टीखाली ढकलायच्या. मग तिच्या पुढची बातमीही पट्टीखाली जायची, आणि मावशी वर्तमानपत्रवाल्यांच्या नावाने बोटं मोडायच्या.

मावशी आमच्या समोरच्या दारातल्या. बदलापूरला, कात्रपमध्ये, एकाच मजल्यावर आम्ही राहतो. माहेर त्यांचं बदलापूर गावातलं आणि सारी नोकरी आनंदनगरच्या एमआयडीसीत, बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात. तिथे त्या चेकिंगला होत्या. समोरून सरकत्या पट्ट्यावर झाकणं यायची. त्यातलं वाकडं, चिरलेलं, कडेला फालतू प्लास्टिक आलेलं झाकण दिसलं की उचलून लाल क्रेटमध्ये टाकायचं आणि तोंडाने म्हणायचं, "रिजेक्ट!" निवृत्त झाल्यावर पट्टा सुटला, पण हात आणि तोंड काही ऐकेना. काका जाऊन बरीच वर्षं झाली, घरात त्या एकट्याच. अशात हातात स्मार्टफोन आला आणि मावशींना पुन्हा एक पट्टा मिळाला. हा अंगठ्याने सरकवायचा, एवढाच फरक. आणि त्यावरून येणारा माल इतका खराब, की मावशींना नव्याने हुरूप आला.

चिकटपट्टीचे दिवस संपवले ते उल्हासनगरच्या एका सिंधी दुकानदाराने. फोनला काच बसवायला मावशी त्याच्याकडे गेल्या होत्या. मी बरोबर होते, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलंय.

"अम्मा, ये क्या चिपकाया है?"

"वो अ‍ॅड आता है ना नीचे, उसके वास्ते," मावशी म्हणाल्या.

तो इतका हसला, की शेजारच्या दुकानातले दोघे बघायला आले. पण माणूस भला. त्याने पट्टी सोलून काढली, फोनमध्ये जाहिराती अडवणारा एक ब्राउझर टाकला आणि सेटिंगच्या आतल्या कुठल्याशा खणात एक पत्ता टाईप करून दिला. "अब देखो, साईं."

मावशींनी तांदळाच्या फेण्यांची कृती उघडली. एरवी त्या कृतीत पीठ भिजवण्याआधी दोन सोसायट्यांचे फ्लॅट आणि एक केशरोपण यायचं. आता नुसत्या फेण्या. मावशींनी शेवटपर्यंत पान सरकवलं, परत वर नेलं, पुन्हा खाली आणलं.

"माल पास," त्या हळूच म्हणाल्या. पुढच्या खेपेला त्या दुकानदारासाठी खरोखरच्या फेण्यांचा डबा गेला. अजूनही जातो.

त्यानंतर आमच्या इमारतीत कुणाचा फोन सुखरूप राहिला नाही. मावशी जिन्यातच गाठायच्या. नमस्कार नाही, चहापाणी नाही, सरळ हात पुढे.

"दाखव फोन."

"मावशी, घाईत आहे हो."

"मग उभ्याउभ्या करू. जा सेटिंगमध्ये. नेटवर्क. खाली ये. प्रायव्हेट डीएनएस. हां, टाईप कर." आणि तो लांबलचक पत्ता त्या एकेक अक्षर सुटं करून सांगायच्या, मध्ये टिंब आलं की "डॉट" म्हणून हवेत बोट टेकवायच्या. हे काय आहे असं कुणी विचारलंच, तर उत्तर ठरलेलं. "हा आपला चेकर. कुठल्या दारातून खराब माल निघतो ते याला माहीत असतं. तो दारातच अडवतो. तुझ्यापर्यंत येतच नाही."

आता चेकर म्हटला की तो कधी चांगलाही पीस फेकतो. पहिल्या मजल्यावरच्या शिंद्यांचं गॅस बुकिंगचं पान मावशींच्या उपचारानंतर कोरं करकरीत उघडायला लागलं. शिंदे तक्रार घेऊन आले, तर मावशींनी पान निरखून पाहिलं आणि निकाल दिला, "तुझ्या गॅसवाल्याचाच माल खराब आहे." तेव्हापासून शिंदे गॅस बुक करायचा असला की गुपचूप तो चेकर बंद करतात, नंबर लावतात आणि मावशी जिन्यात भेटायच्या आत पुन्हा चालू करतात. माझ्या सासूबाईंनी मात्र पहिल्या दिवशीच मावशींना हात जोडले. "प्रमिला, माझ्या फोनला राहू दे बाई. मध्ये जाहिरात येते म्हणून तर मला कुकर लावायला उठता येतं." त्यावर मावशींनी "ताईंचं काय होणार!" अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं होतं.

फोनच्या बाहेरही त्यांचं हे चालूच. लिफ्टमध्ये इंटरनेटवाल्याचा कागद लागला की संध्याकाळपर्यंत तो उलटा झालेला असतो. चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर, म्हणजे एक मोठा चेहरा आणि त्याला शुभेच्छा देणारे तीसेक छोटे चेहरे, त्यांच्याकडे इलाज नाही. त्या रिक्षातून जाताना त्या बाजूला छत्री उघडतात. उन्हाळा असो, हिवाळा असो. रिक्षावाले ओळखायला लागलेत.

पण स्टेशनरोडला क्लासचे, दाताच्या दवाखान्याचे हँडबिल वाटणारे उभे असतात ना, त्यांच्याकडून मावशी प्रत्येक कागद घेतात. एकाच माणसाकडून जाताना एक, येताना एक. मी एकदा छेडलं, "आता कुठे गेलं रिजेक्ट?" तर माझ्यावरच डाफरल्या. "तो माणूस आहे गो. उन्हात उभा राहिलाय. गठ्ठा संपल्याशिवाय त्याला घरी सोडतात का?"

माझा फोन मात्र मी त्यांच्या हाती लागू दिला नव्हता. मला जाहिराती आवडायच्या, खोटं कशाला बोलू? कुर्त्यांचे सेल, कानातली, घडीचे डबे. ऑफिसमधून दमून आल्यावर दहा मिनिटं काही न घेता बाजार फिरून आल्यासारखं वाटायचं. मावशी म्हणायच्या, "तुझा फोन म्हणजे नुसता लाल क्रेट आहे." मी म्हणायचे, "असू दे."

मग मला दिवस राहिले.

आमच्याकडे बाळ येण्याआधी घरात काही आणत नाहीत. झबलं नाही, टोपडं नाही, पाळण्याचा तर विषयच नाही. सासूबाई या बाबतीत कडक. सगळी तयारी बारशाच्या आधी, पण बाळ घरात आल्यावर. फोनला ही पद्धत कुणी सांगितली नव्हती. पपई खाल्ली तर चालते का, कुठल्या कुशीवर झोपायचं, असलं काहीबाही मी त्यात शोधत होते. त्यावरून त्याने बातमी ओळखली आणि माझ्यापुढे अख्खं दुकान मांडलं. पाळणे, लंगोट, पिवळे मोजे. एका अ‍ॅपवर तर दर आठवड्याला बाळ एकेका फळाएवढं व्हायचं. आधी लिंबू, मग संत्रं. नवऱ्याला, मंगेशला, मी रोज दाखवायचे. घरात काही आणायचं नव्हतं, पण बघायला कोण अडवतंय? खरं सांगते, ते पिवळे मोजे मी कितीदा पाहिले असतील!

पाचव्या महिन्यात ते गेलं.

दवाखान्यातून घरी आले. नातेवाइकांना कळलं, ऑफिसला कळलं, खालच्या वाण्यालासुद्धा कळलं. फोनला कळलं नाही. त्याच्या हिशेबात माझं बाळ वाढतच होतं. उघडला की पाळणा. बातमी वाचायला घ्यावी तर दोन परिच्छेदांमध्ये हसरं बाळ. सकाळी सकाळी टिंग वाजून कळायचं, की या आठवड्यात ते केवढं झालंय. माझी आई साताऱ्याला असते. तिचे गुडघे गेलेत, तिला येता येत नव्हतं. ती रोज व्हिडिओ कॉल करायची, मधूनमधून निरोप पाठवायची. मला फक्त तिच्याशी बोलायचं होतं आणि तिच्यापर्यंत जायला त्या बाजारातून जावं लागत होतं. शेवटी मी फोन बंद करून डाळीच्या डब्यामागे ठेवून दिला. आई मग मंगेशच्या फोनवर करायची, पण तो ऑफिसला गेला की सासूबाईंच्या फोनवर करायला संकोचायची आणि दिवसभर माझ्याशिवाय तळमळायची. मीही तिच्याशिवाय तळमळायचे.

भेटायला येणारे येत होते. कुणी म्हणे, तू अजून तरुण आहेस. कुणी म्हणे, देवाची मर्जी. घरतमावशी आल्या नव्हत्या. मला जरा रागच आला होता.

एका दुपारी त्या आल्या. दार वाजवलं तेही इतकं हळू, की वारा आहे असं वाटलं. खुर्चीच्या कडेवर बसल्या. जिन्यात सरळ हात पुढे करणाऱ्या बाईचं हे रूप मला नवीनच होतं.

मग म्हणाल्या, "तुझा फोन कुठाय बाय?"

मी सांगितलं.

"त्यात येत असेल ना सगळं?"

तोवर हे मला कुणीच विचारलं नव्हतं. मी मान हलवली आणि रडायला लागले. मावशी उठल्या, डब्यामागून फोन काढून आणला, पण उघडला नाही. माझ्यापुढे धरून विचारलं, "हात लावू?"

इमारतीतल्या एकालाही त्यांनी आजवर हे विचारलेलं नाही.

मी फोन चालू करून, नंबर टाकून उघडून दिला. त्यांनी तो लगेच स्वतःकडे फिरवला. "तू बघू नकोस. मी बघते." चष्मा नाकावर ओढला आणि कामाला लागल्या. ते फळांचं अ‍ॅप काढलं. मी काय काय शोधलं होतं त्याचा इतिहास पुसला. जाहिरातवाले ज्या नंबरावरून माणूस ओळखतात तो नंबर पुसून टाकला. खरेदीच्या अ‍ॅपमध्ये मी मोजे आवडीत घालून ठेवले होते, ते काढले. ब्राउझर टाकला, तो पत्ता टाईप केला. या वेळी अक्षरं मोठ्याने म्हटली नाहीत. एकदाही 'रिजेक्ट' म्हणाल्या नाहीत.

मला वाटलं, झालं. पण चेकिंगवाली बाई ती, तपासल्याशिवाय माल सोडणार कशी? त्या एकामागून एक पानं उघडत बसल्या. बातम्या, पाककृती, हवामान, कालनिर्णय बघावा तसं एकेक. मधूनच थबकायच्या, पडद्याकडे बघत राहायच्या, ओठ घट्ट व्हायचे, मग बोट चालायचं. म्हणजे कुठेतरी एखादं हसरं बाळ अजून निसटून येत होतं आणि ते माझ्याऐवजी त्या बघत होत्या. उन्हं कलली तरी त्या उठल्या नाहीत. मी पलंगावर पडून त्यांच्याकडे बघत होते आणि कित्येक दिवसांनी मला बरं वाटत होतं. ज्यांची मी इतकी चेष्टा केली, त्यांचे उपकार आता फिटायचे नाहीत, हे मला तेव्हाच कळलं.

"घे," शेवटी फोन माझ्या हातात देत त्या म्हणाल्या. "लाव आईला."

मी फोन उघडला. पाळणा नाही, मोजे नाहीत. पूर्व भागात शुक्रवारी पाणी येणार नाही, एवढी एक बातमी. इतकी सुंदर बातमी मी आजवर वाचलेली नाही.

"मावशी, तुम्हाला कसं सुचलं हो हे?"

त्या चष्मा पुसत होत्या. पुसतच राहिल्या.

"मी दुपटी शिवली होती," त्या म्हणाल्या. "आधी शिवू नयेत म्हणतात. पण मला हौस. नोकरीवरून आले की जुन्या लुगड्यांची शिवत बसायची. सातवा लागला होता. दवाखान्यातून घरी आले तर खाटेवरच होती सगळी, घडी घालून ठेवलेली. घरात एवढी माणसं, पण कुणाला उचलून ठेवायचं सुचलं नाही."

"मग?"

"मग काय. मीच उचलली." चष्मा लावत म्हणाल्या, "परत दिवस राहिले नाहीत. तुझे काका चांगले होते, कधी बोलले नाहीत त्यावरून. पण कधीच बोलले नाहीत."

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. कधीपासून, कोण जाणे. कच्चं बाळंतपण म्हणजेही बाळंतपणच, अंग तसंच झिजतं, असं म्हणून त्या मला रोज संध्याकाळी अळिवाची खीर करून द्यायच्या. त्या आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा हातात दोन वाट्या होत्या. एक मला दिली. दुसरी मावशींच्या हातात ठेवली आणि त्यांच्या शेजारी बसल्या.

"अहो ताई, मला कशाला?" मावशी गडबडल्या. "किती वर्षं झाली त्याला."

"तेव्हा कुणी दिली होती?"

मावशींनी नकारार्थी मान हलवली.

सासूबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "मग आता खा. गरम आहे तोवर."