चौथ्याचं काम

एसटीचा कंडक्टर 'लोहारा, लोहारा' ओरडला की सोपान गुरुजी पायरीवर एक पाय ठेवून विचारणार, "कशावरून?" पाटी दाखवली तर म्हणणार, "पाटी कालची असंल." त्यांच्यापायी माझी बस दोनदा चुकली आहे. मी त्यांची मुख्याध्यापिका. त्याचीही त्यांना शंकाच असावी.

आमच्या शाळेत टॅब एकच. गुरुजींनी चार-चार पोरांचे गट पाडले. एकानं शोधायचं, दुसऱ्यानं मोठ्यानं वाचायचं, तिसऱ्यानं आपल्या शब्दांत लिहायचं. चौथ्यानं फक्त शंका घ्यायची. ही पाळी दर आठवड्याला बदलायची आणि तिच्यासाठी पोरं भांडायची. "तीन शाणे जमले की चौथा लागतोच, बाई," असं गुरुजींचं म्हणणं. तपासणीला साहेब आले, तर सातवीतल्या राधिकानं त्यांचं ओळखपत्र मागितलं. मला घाम फुटला, गुरुजी मात्र गालातल्या गालात हसत होते. साहेब गेल्यावर मी त्यांना चांगलं फैलावर घेतलं.

मग गेल्या श्रावणात राधिकाचे वडील तणतणत शाळेत आले. मागं राधिका, गालावर पाच बोटं उमटलेली. तिची आई आठ दिवस काविळीनं पडून होती. ग्रुपवर आलेला मेसेज वाचून घरी कसल्याशा पाल्याचा रस चालू होता. दवाखान्यात नेऊ नका, असंही त्यात लिहिलेलं. राधिकानं बापाला विचारलं होतं, "कशावरून?"

"बापाला उलटून बोलाय शिकवता व्हय, गुरुजी?" ते म्हणाले.

मी चक्क त्यांची बाजू घेतली. म्हटलं, आजपासून हे चौथ्याचं खूळ बंद. खरं सांगते, मलाही सुटल्यासारखं वाटलं.

एरवी गुरुजी वाद सोडत नाहीत. त्या दिवशी त्यांनी खिशातून काच तडकलेला जुना फोन काढला आणि राधिकाच्या वडिलांपुढं धरला. तोच रस, तोच मजकूर, पाच वर्षांपूर्वी आलेला.

"ह्यो म्याच वाचून दाखवला हुता मंडळीला," ते म्हणाले. "मास्तर माणूस वाचतोय म्हटल्यावर तिनं इस्वास ठिवला. घरात आमी दोघंच. शंका घ्यायला कुणी न्हवतं."

त्यांची बायको काविळीनं गेली एवढंच मला माहीत होतं. बाकी मी कधी विचारलं नव्हतं, याची आता लाज वाटते.

राधिकाचे वडील लेकीला घेऊन तसेच बाहेर पडले. तासाभरानं शाळेसमोर जीप थांबली. मागच्या सीटवर राधिकाची आई, लेकीच्या मांडीवर डोकं ठेवून. तिचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते.

"लोहाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात चाललोय," वडील म्हणाले. गुरुजींनी मान हलवली.

जीप गेली तरी ते फाटकाशीच उभे होते. मी जवळ गेले.

"बाई, बरी व्हईल न्हवं ती?"

"होईल," मी म्हणाले. कशावरून, ते मला माहीत नव्हतं. गुरुजींनीही विचारलं नाही.