नकाराच्या शोधात ताराचंद

गोपीचंदचा विम्याचा दावा कंपनीने फेटाळला, हे गोपीचंदचं भाग्य आणि ताराचंदचं दुःख होतं.

दोघे चुलतभाऊ. लाखांदूरजवळच्या गावात भिंतीला भिंत लागून घरं. एकाच एजंटासमोर बसून दोघांनी आरोग्य विमा काढला. पुढच्याच वर्षी गोपीचंदच्या मूतखड्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा कंपनी म्हणाली, खडा पॉलिसीच्या आधीचा आहे, पैसे मिळणार नाहीत. गोपीचंद विमा लोकपालाकडे गेला आणि जिंकून आला. तेव्हापासून पानठेल्यावर तो रुग्णाचे हक्क समजावून सांगायचा. सरपंचही उठून त्याला खुर्ची द्यायचे. इतकी वर्षं लोटली तरी ती खुर्ची ताराचंदच्या डोळ्यांत सलत होती.

"आपण हप्ते भरून राहिलो, पण साधा नकार नाही आला कधी," तो बायकोला म्हणाला.

"तुमाले नकार कायले पायजे?" रंभाबाईने विचारलं.

"भांडाले."

ताराचंदला जुना हर्निया होता. पॉलिसी काढताना तो सांगायचा राहून गेला होता. आता तो मुद्दाम सांगून टाकायचा, मग कंपनी नाही म्हणेल, मग लोकपाल, मग खुर्ची. भंडाऱ्याला जाणाऱ्या एसटीत तो नवरदेवासारखा बसला होता.

खासगी दवाखान्यात विम्याच्या काउंटरवर एक मुलगी होती. ताराचंदने आवाज चढवला.

"हा हर्निया पॉलिसीच्या पयलेचा आहे. मी सांगतलाच नव्हता."

रांगेतल्या बाईने त्याला कोपराने ढोसलं. "चूप राहा ना भाऊ. असं कोणी सांगते का?"

"पॉलिसीला पाच वर्षं होऊन गेलीत ना काका?" मुलगी म्हणाली. "मग त्या कारणानं कंपनीला नाही म्हणता येत नाही. नियम आहे."

"उशीर तरी करतील ना?"

"एका तासात उत्तर द्यावं लागते त्यांना."

ताराचंदचा चहा संपायच्या आत मंजुरी आली. परत फिरावं, तर सोबत आलेली रंभाबाई कपड्यांची पिशवी घेऊन दवाखान्याच्या दारात उभी होती. ऑपरेशन झालंच.

दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यातल्या खाटेवर टाके सांभाळत पडला होता. गावचे लोक बिस्किटांचे पुडे घेऊन येत होते आणि गोपीचंदच्या लढ्याची आठवण काढून जात होते. ताराचंदला रडावंसं वाटलं.

तेवढ्यात इस्त्रीचा शर्ट घालून, बगलेत फाइल घेऊन खुद्द गोपीचंद आला.

"घाबरू नको. किती लटकवून ठेवलं कंपनीनं? मी अर्ज लिहून देतो."

"मंजूर झालं," ताराचंद पडेल आवाजात म्हणाला.

"कवा?"

"चहा पिता पिता."

गोपीचंद मटकन स्टुलावर बसला. फाइल मांडीवरून घसरली, तरी त्याने उचलली नाही.

"मले रोवणीपासून कापणीपर्यंत चकरा माराले लावल्या अन् तुले चहा पिता पिता? काहून?"

ताराचंदने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. असा चेहरा त्याने आजवर फक्त आरशात पाहिला होता. टाके दुखायचे थांबले.

"कंपनी माणूस पाहत असन," तो म्हणाला. "रंभे, गोपीभाऊले बिस्किट दे."

गोपीचंदने बिस्किट हातातच धरून ठेवलं. थोड्या वेळाने त्याने दुसरा हात हळूच पोटावर ठेवला आणि पोट दाबून पाहिलं.

"इथला डॉक्टर किती वाजेपर्यंत बसते?" त्याने विचारलं.