न उडण्याचं प्रतिज्ञापत्र

लोणारच्या शाळेच्या पटांगणात जुना सिनेमा दाखवायचा झाल्यास करमणूक परवानगी कक्षाकडे रीतसर अर्ज करावा लागतो. फारुख इलेक्ट्रिकवाल्यानं तो केला. सिनेमा होता 'ढगांची सून'. आधी त्याचं संगीत नाटक गावोगाव गाजलं, मग कोणीतरी त्यावर सिनेमा काढला. दोन्हींत परीचं काम आमच्या कलाबाईंचं. पण मलकापूरच्या टॉकीजला तो लागला तेव्हा त्या बाळंतपणात होत्या, आणि घराबाहेर पडेपर्यंत सिनेमा उतरला. आता त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. फारुखचे वडील त्याच टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. त्यांनी जपलेली रिळं आणि मशीन माळ्यावर सापडलं. कलाबाईंनी एकदा तरी चार लोकांत बसून स्वतःला पाहावं, एवढंच त्याला हवं होतं.

अर्जात 'चित्रपटातील घटनांचा खरा तपशील' असा रकाना होता. फारुख सरळ माणूस. त्यानं खरा तपशील लिहिला: परी उडते. गाणं म्हणते, मग पाऊस पडतो.

वरिष्ठ लिपिक जानराव यांच्या टेबलावरून आजवर एकही कागद शेऱ्याविना पुढे गेलेला नाही. त्यांनी चष्मा पुसला.

"पाऊस किती पडते?"

"साहेब, सिनेमातला पाऊस हाये तो."

"पटांगण तं तालुक्यातच हाये ना? मंग तो सरासरीत धरा लागन. सरासरी वाढली का दुष्काळी यादीतून तालुका बाद. लोक सोडतीन काय तुले?"

पाऊस स्थगित झाला. तो गाण्यामुळे पडतो, असं फारुखनं लेखी दिलेलं असल्यामुळे गाणंही स्थगित झालं. उडणारी परी ही वस्तू की व्यक्ती, यावर तीन बैठका झाल्या. ती व्यक्ती ठरली. व्यक्ती हयात असल्यामुळे तिनं प्रतिज्ञापत्र द्यावं, म्हणजे सगळा सिनेमा काल्पनिक समजून पाऊस-गाण्यासकट मंजूर करता येईल, असा तोडगा निघाला. मजकूर तयारच होता: 'मी यापूर्वी कधीही उडालेले नाही, सध्या उडत नाही व यापुढे उडणार नाही.'

कलाबाईंनी तो दोनदा वाचून घेतला.

"पण मी तं उडली होती."

"दोरानं ना, आजी!" जानराव म्हणाले.

"दोर कमरेले होता. बाकी मीच होती."

"सही करून द्या न. काय जाते तुमचं?"

"सतरा गावांतल्या लोकायनं माना वर करकरून पाह्यलं मले. आता खोटं काऊन लिहून देऊ?"

पेन टेबलावर ठेवून त्या घरी गेल्या. जानरावांनी फाइलवर शेरा मारला: 'संबंधित महिलेने न उडण्यास नकार दिला.' शेरा वर गेला आणि वरून परिपत्रक आलं. एक व्यक्ती नकार देते, त्याअर्थी इतरांचीही खात्री करणे आवश्यक आहे. अठरा वर्षांवरील सर्व रहिवाशांनी सदर प्रतिज्ञापत्र रविवारपर्यंत सेतू केंद्रात दाखल करावे.

मग फारुखनं अक्कल लढवली. घरच्या भिंतीवर घरच्यांसाठी सिनेमा लावायला परवानगी लागत नाही. रविवारी दुपारी त्याच्या आईनं, अजीजुन्निसानं, दारं लावून भिंतीवर पांढरी चादर ताणली आणि कलाबाईंना खुर्ची दिली. परी चादरीच्या वरच्या काठापर्यंत गेली, तशा कलाबाई टाळ्या वाजवत ओरडल्या, "अगं माय, कितीक वर गेली होती मी!"

हे मला फारुखनं नंतर सांगितलं. निमंत्रण मलाही होतं. पण सेतू केंद्राच्या रांगेत माझा बेचाळिसावा नंबर होता. मागच्या गल्लीतून गाण्याचा आवाज येत होता, फार गोड. रांगेत माझ्यापुढे उभ्या असलेल्या मनालीला मी म्हटलं, "जाऊन येऊ का जरासं?"

"जा न. पण नंबर जाईन," ती म्हणाली.

मी गेलो नाही. कोणीच गेलं नाही.

आता तालुक्याच्या दप्तरी उडण्यास मोकळी अशी एकच व्यक्ती आहे. ती रोज सकाळी बाजारात भाजी घेताना दिसते आणि फार खुशीत असते. बाकी आम्ही सगळ्यांनी लिहून दिलंय. तुम्ही हसताय, हसा. मागच्या महिन्यात तुम्हीही कशाखाली तरी सही केलीत, आणि मजकूर वाचला नव्हता.