अर्धं पोतं सरकी

बायकोला उचलता यावं, एवढ्याचसाठी मी बैठका मारायला लागलो. (हसू नका. चाळिशीतल्या कारकुनाला याहून मोठी हौस परवडत नाही.)

त्याचं असं झालं. एकसष्ट सालच्या पावसाळ्यात वच्छला तापानं फणफणली. अकोल्याच्या जुन्या शहरात आमची गल्ली इतकी अरुंद, की टांगा तोंडाशीच थांबतो. तिला तिथपर्यंत न्यायला मी वाकलो, आणि वाकलेलाच राहिलो. शेवटी शेजारच्या पंजाबरावांनी तिला लेकीसारखं उचलून नेलं. वच्छला बरी झाली. त्याविषयी ती एक शब्द बोलली नाही, आणि ते न बोलणंच मला आतून खात राहिलं.

तालमीतले वस्ताद खुशालराव म्हणाले, "बाबू, नुसत्या बैठकीनं काई होत नाई. खांद्यावर वजन घे, खाली बस, अन् तसाच उडी मारून ऊठ. पायात जोर येते."

वजन घरातच सापडलं. म्हशीच्या सरकीचं अर्धं पोतं. अंगणात उड्या मारल्या तर सगळी गल्ली बघणार, म्हणून सकाळी पोतं दोरीनं ओढून धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर घेतलं. आमचं धाबं मातीचं, त्यात पावसानं मऊ झालेलं; पण जोर चढलेल्या माणसाला असल्या गोष्टी सुचत नाहीत. चार उड्या झकास झाल्या. पाचवीला माझा उजवा पाय मांडीपर्यंत धाब्यात गेला.

खाली स्वयंपाकघरात वच्छला भाकर थापत होती.

"अवो! तुमचा पाय आला इथं."

"मले मालूम हाय!"

"मंग बाकीचे कवा येता?"

"मानेवर पोतं हाय, वच्छले. उठता येऊन नाई राहिलं."

"म्हशीची सरकी वर काहून नेली?"

ती शिडीनं वर आली. पोतं उचलून बाजूला ठेवलं, मला बगलेत धरून ओढून काढलं. घोटा टम्म सुजला होता. मग मी सांगूनच टाकलं, "त्या दिसी तुले उचलता नाई आलं ना, म्हणून."

तिनं पदरानं माझ्या पायाची माती पुसली. "मले तं एवढंच याद हाय, का टांग्यात रस्ताभर माहं डोकं तुमच्या मांडीवर होतं."

माझे डोळे भरून आले. (घोट्यामुळेही असेल.)

आता हाडवैद्याकडे जायचं, आणि पंजाबराव नेमके हिवरखेडला गेलेले. वच्छलानं मला धरून धरून खाली उतरवलं, पदर खोचला आणि सरळ पाठीवर घेतलं. सगळी गल्ली दारात उभी. मी लाजेनं डोक्यावरून घोंगडी ओढून घेतली.

टांगेवाले नत्थुजी घोड्याचा पट्टा आवळत होते. ओझरतं पाहून म्हणाले, "बाई, सामान मांगं ठेवा."

वच्छलानं मला मागं ठेवलं.