ड्रॅगनचा जबाब

"हा माणूस आहे की गाजर?" सासऱ्यांनी विचारलं.

जावयाने संगणकाच्या पडद्यावरच्या आपल्या नायकाकडे पाहिलं. डोकं ठोकळ्यांचं, अंग ठोकळ्यांचं, आणि रंग, खरं सांगायचं तर, गाजराचाच.

"नायक आहे, बाबा. जुन्या काळच्या गेममध्ये असायची ना, तशी चित्रं मुद्दाम काढलीत."

"मुद्दाम? म्हणजे चांगली काढता येत असूनही?"

जावयाने माउस उगाच इकडेतिकडे हलवला, कारण चांगली काढता येत नव्हती. धडधाकट नोकरी सोडून हा बहाद्दर गेली काही वर्षं घरात बसून एकट्याने हा गेम बनवत होता. लोकांना हल्ली असलंच आवडतं, असं त्याचं म्हणणं. त्याचा नायक लाटणं घेऊन कुणाच्याही घरात बिनदिक्कत शिरायचा, कपाटं उचकायचा, माठ फोडायचा, आणि घरमालक त्याला हाकलण्याऐवजी विनोद करायचा. माठाशी बोलायला जावं तर माठच उलट उत्तर द्यायचा. चाळिशीला आलेली माणसं म्हणे लहानपणीचे ठोकळे दिसले की गहिवरतात आणि माठाच्या उत्तरावर एकटीच खिदळतात. खिदळोत बापडी! इथे घरभाडं बायकोच्या पगारातून जात होतं, आणि शेवट सुचत नाही म्हणून गेम कित्येक महिने अडून बसला होता.

सासरे विमा कंपनीतले निवृत्त सर्व्हेअर. कुठे आग लागली की ती लागली की लावली, हे हुडकण्यात त्यांचा जन्म गेला. त्यामुळे मुलीकडे दूध करपलं तरी ते आधी गॅसजवळ कोण उभं होतं ते विचारायचे. या खेपेला ते जावयासाठी नोकरी घेऊनच आले होते. त्यांच्या हाताखाली शिकलेला माणूस आता ऑफिसचा प्रमुख झाला होता, आणि आज अकराला मुलाखत होती.

"नुसतं तोंड दाखवायचंय, जावईबापू. मी शब्द टाकलाय. आणि उद्यापासून हे गाजर बंद."

जावयाला गाजर बंद करायचं नव्हतं. पण सासऱ्यांसमोर नाही म्हणण्याची छाती त्याच्यात नव्हती. बायको आतल्या खोलीत त्याच्या शर्टाला इस्त्री करत होती, आणि ती इस्त्री काही संपत नव्हती.

मोजे घालायला सासरे संगणकासमोरच्या खुर्चीत बसले. घरातली पाठीला बरी अशी तेवढीच एक खुर्ची होती. एक मोजा चढला आणि कोपराने कुठलं तरी बटण दाबलं गेलं. पडद्यावर ठोकळ्यांचा राजा उगवला आणि त्याच्या डोक्यावर अक्षरं उमटली: 'वीरा! ड्रॅगनने माझं कोठार जाळलं! त्याला ठार मार आणि त्याच्या खजिन्यातून माझी नुकसानभरपाई आण!'

"जाळताना पाहिलं कुणी?" सासरे राजाला म्हणाले.

"बाबा, तो गेम आहे."

"माणूस पैसे मागतोय ना? मग प्रश्न विचारावेच लागतात."

दुसरा मोजा हातातच राहिला. सासऱ्यांनी गाजराला गावभर फिरवलं आणि दिसेल त्याची उलटतपासणी घेतली. एका शेळीने सांगितलं, 'माझी साक्ष कोण धरणार? पण धूर आतून येत होता.' जावयाने ते वाक्य नुसतंच गंमत म्हणून घातलं होतं. सासऱ्यांनी चष्मा पुसला. मग ते जळक्या कोठारात शिरले. तिथे अर्धवट जळलेलं एक पोतं होतं आणि त्याला हिरवं ठिगळ होतं. तिथून ते राजाच्या तळघरात गेले, आणि खुर्चीत ताठ झाले.

"ही बघा! हिरव्या ठिगळाची पोती, थप्पीच्या थप्पी! माल आधी हलवला आणि रिकामं कोठार पेटवलं!"

"अहो, ते एकच चित्र आहे. कंटाळा आला म्हणून मी दोन्हीकडे तेच डकवलं."

"राजाही हेच सांगेल!"

फोन वाजला. ऑफिसचा प्रमुख होता. "साहेब, कुठवर आलात?"

"आगीच्या तपासावर आहे. एका राजाने स्वतःचंच कोठार पेटवलंय."

प्रमुखाने आवाज खाली आणला. "साहेब, तब्येत बरी आहे ना? मुलीला फोन देता का?"

सासऱ्यांनी फोन ठेवून दिला आणि थेट ड्रॅगनची गुहा गाठली. ड्रॅगन म्हणाला, 'मारतोयस, की झोपू?' सासऱ्यांच्या घशातून काहीतरी विचित्र आवाज निघाला.

"हसलात, बाबा?"

"घसा धरलाय. इथे 'मार' आणि 'पळ' अशी दोनच बटणं आहेत. 'जबाब घ्या' कुठंय?"

"ते नाहीये."

"नाहीये? आरोपीला न विचारता मारायचं? घाला ते बटण!"

जावई, खाली कडक इस्त्रीची पँट आणि वर बनियन अशा अवतारात, स्टुलावर बसून ते बटण घालू लागला. ड्रॅगनने जबाब दिला: 'त्या दिवशी माझी दाढ दुखत होती. मी तोंडच उघडलं नव्हतं.' या खेपेला सासऱ्यांचा घसा इतका धरला की डोळ्यांत पाणी आलं.

पुन्हा फोन. "साहेब, उमेदवार येतोय ना? की दुसऱ्याला घेऊ?"

सासऱ्यांनी जावयाकडे आपादमस्तक पाहिलं. "दुसऱ्यालाच घे. हा माणूस इतकी वर्षं त्या राजाबरोबर काढतोय, चोरीचा माल नाकासमोर आहे, आणि याला एकदाही संशय आला नाही! असल्याची शिफारस करून मी माझं नाव घालवू?"

फोन ठेवून ते पडद्याकडे वळले. "आणि जावईबापू, माझं परतीचं तिकीट रद्द करा. तुमच्या भरवशावर हा राजा सुटेल. त्याला दरबारात उभा करायचाय."

अडलेला शेवट हा असा घरी चालत आला. जावई धावत आत गेला. बायको शर्ट कपाटात टांगत होती.

"कोठाराला आग लाव आणि राजाला नुकसानभरपाई मागू दे, असं परवा तूच सांगितलंस ना?"

"सांगितलं. जळकं काही दिसलं की बाबा जागचे हलत नाहीत."

जावयाचा ऊर भरून आला. इतकी वर्षं ही आपल्या गेमकडे ढुंकूनही बघत नाही असं त्याला वाटत होतं. "पण कोठारात आणि तळघरात एकाच चित्राची पोती असतील, हे तुला कसं कळलं? मी ती चित्रं तुला दाखवलीही नव्हती."

"मला कुठे कळलं होतं?" तिने कपाट लावलं. "पण दोन ठिकाणी दोन वेगळी पोती काढण्याइतके कष्ट तू घेणार नाहीस, एवढी खात्री होती."