भुरेराव पिंजऱ्यात बैसले त्याची हकीकत

हकीकत लिहिणार खरी लिहितो, कुणाच्या बापाची भीड धरीत नाही. राजेरजवाड्यांच्या स्वाऱ्या पुष्कळांनी लिहिल्या. ही स्वारी गावठी कुत्र्याची आहे. नाक मुरडणारांनी आताच उठोन जावे.

मंचरनजीकचे मळ्यात राजमान्य धर्माजी नांदत. त्यांची कन्या वृषाली, तीस जर्मन मुलुखी इस्पितळात नर्सची चाकरी मिळाली, आणि तिने फर्मान काढिले की, आमचे श्वान भुरेराव यांस संगे नेईन, बिबट्याचे तोंडी ठेवोन जाणार नाही. मग एकच गिल्ला जाहला. शेजारी गेणभाऊ, ज्यांनी कुत्र्यास दगडाखेरीज कधी काही दिले नाही, ते येऊन वदले, "आईबाप हितं, आन् कुत्रं इमानात? लई भारी, राव!" त्यावर वृषालीची मातोश्री साळुबाई गरजल्या, "आमी चाललो तर कांदा काय तू काढनार व्हय रं?" गेणभाऊंनी काढता पाय घेतला.

मग मानेत चिप बसली, रेबीजची लस जाहली, रक्त तपासणीस परमुलुखी गेले, तीन महिने तिष्ठणे जाहले, आणि वृषालीचे व्हिसाहून दुप्पट कागद कुत्र्याचे जमले. परंतु खरा किल्ला पुढेच. विमानवाल्यांची अट की, श्वानाने पिंजऱ्यात आपले पायी शिरावे व शांत बैसावे, न बैसल्यास विमानतळावरोनच माघारी. पिंजरा आला, आणि भुरेराव तो पाहताच उसात पसार जाहले.

कारण लिहिणे भाग आहे. तीन साल मागे मळ्यात बिबट्या फिरत होता, त्यास धरावया पिंजरा लागला, आत आमिष पाहिजे. शेळी गाभण, म्हणोन धर्माजींनी भुरेरावांस आत लोटिले. बिबट्याने जाळीतून पंजा घातला, कान फाटला. मर्दुमकी धर्माजींची, जखम भुरेरावांची.

मग मोर्चे लागले. बोंबील जाहले, कोंबडीचे पाय जाहले. भुरेराव बाहेरोन मान लांबवोन खात, पाऊल आत ठेवीत ना. प्रयाणास चार दिवस उरले. वृषालीने निर्वाणीचा हुकूम दिला की, कुत्रे नाही तर मीही नाही, तिकीट रद्द करिते.

तेव्हा धर्माजी, ज्यांनी उभे जन्मात कुणाची माफी मागितली नाही, गुडघे टेकोन स्वतःच पिंजऱ्यात शिरले, आणि कंबरेशी जागा सरली, पाय बाहेरच राहिले. आतून आवाज आला, "ये रं बाबा. चुकलं माझं त्या वक्ताला." गेणभाऊ मोबाईल काढून व्हिडिओ घेऊ लागले, त्यांस साळुबाईंनी केरसुणीने पिटाळिले.

भुरेराव उसातून आले. मालकच आमिष जाहला, हे पाहोन थबकले. मग धर्माजींचे काखेखालोन रेटोन आत घुसले, आणि दाराकडे तोंड करोन गुरगुरत बैसले, की आता बिबट्या येईल, तर आधी मजवर येवो.

तदनंतर आत धर्माजींची टोपी ठेविताच भुरेराव तिचे राखणीस आपले पायी जाऊ लागले. शके १९४७, पिंजरा फत्ते. वृषाली, भुरेराव व टोपी जर्मन मुलुखी सुखरूप दाखल. त्या दिवशी धर्माजी पिंजऱ्यात तोंड लपवोन रडले, ते कुणास न सांगण्याविषयी त्यांची सक्त ताकीद आहे. आम्ही लिहिले.